उजव्या हातातला पट्टा, कपाळावरचा नंबर

ज्यांच्या हातात आजच रिपोर्ट पडलाय त्यांना धीर द्यायला असं काही लिहायची पद्धत आहे. मी जरा वेगळ्या माणसांसाठी लिहितोय. ज्यांच्या हातात रिपोर्ट केव्हाच पडायला हवा होता, पण जे अजून खडीसाखर चघळत "फ्रीजचं पाणी प्यायलो, म्हणून बसलाय आवाज" असं सांगत फिरतायत, त्या शहाण्यांसाठी. त्यांच्यातला सगळ्यात मोठा शहाणा मी होतो, तेव्हा दोन शब्द बोलायचा मला अधिकार आहे.

माझं नाव शमुवेल. एका कंपनीच्या डिस्पॅच खात्यातून निवृत्त झालो आणि मीरा रोडला, शांती नगरात, जगाच्या अंताचं खातं उघडलं. म्हणजे असं, की आमचा वीस-बावीस माणसांचा प्रार्थनागट आहे, आणि दर रविवारी संध्याकाळी आमच्याच हॉलमध्ये मी बायबलमधल्या प्रकटीकरणातून शेवटच्या काळावर शिकवायचो. त्यासाठी भाईंदरहून सहा बाय दहाचा फ्लेक्स छापून आणला होता. डावीकडून उजवीकडे सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. मधे श्वापद, खाली अग्नीचं तळं, वर ढगात आम्ही. आम्ही म्हणजे गटातले. उरलेलं सगळं मीरा-भाईंदर तळ्यात. ढग छापणाऱ्याने कुठल्याशा दहीहंडीच्या बॅनरवरून उचलले होते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर त्या ढगांवर पडद्याचा दांडा टेकवून मी कितीतरी जणांना रडवलं होतं.

देव आपल्या लोकांना न्यायाच्या दिवसांतून राखतो, हा माझा विषय. तो मला आजही खरा वाटतो, पूर्वीपेक्षा जास्त. फक्त तेव्हा मी तो असा शिकवायचो, जणू कुणाला राखायचं आणि कुणाला नाही याची यादी माझ्याच डिस्पॅच खात्यातून सही होऊन वर जाते.

समोरच्या दारात शिगवण राहतो. रत्नागिरीचा, रिक्षा चालवतो. एकदा लिफ्टमध्ये त्याला गाठून मी म्हणालो, "शिगवण, एक दिवस कर्णा वाजेल आणि आम्ही वर उचलले जाऊ. तुम्ही मागे राहाल. विचार करा."

त्याने हातातली दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खरंच विचार केला.

"किती दिवसांसाठी जाणार?"

"कायमचे."

"मग चावी ठेवून जा, भाऊ. वहिनींचा कढीपत्ता चांगला धरलाय. पाणी घालीन."

मी त्याच्याकडे जितक्या कीवेने बघता येईल तितक्या कीवेने बघितलं. माझी बायको मार्था हिने दुसऱ्याच दिवशी त्याला खरोखर एक चावी दिली. तिचं म्हणणं, आपण गावी जातो तेव्हा कामाला येईल.

*

चौथ्या वाटीवर माझा आवाज बसला. चौथी वाटी म्हणजे जिच्यात सूर्य माणसांना भाजून काढतो. मी ती नेहमी जोरात घ्यायचो. त्या रविवारी "भाजून" म्हणायला गेलो आणि घशातून नुसती हवा आली. गटाला वाटलं, ब्रदर गहिवरले. मलाही तेच बरं वाटलं, म्हणून मी डोळे पुसले.

पुढचे दोन महिने ज्येष्ठमध, लवंग, हळदीचं दूध, आणि कुणीतरी प्रार्थना करून दिलेलं तेल. तेल घशाला बाहेरून लावायचं की आतून, यावर गटात दोन मतं पडली. मी दोन्ही केलं. पोट बिघडलं.

शेवटी मार्था मला ओढतच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी नाकातून बारीक नळी घातली, पडद्यावर बघितलं आणि जास्त काही न बोलता म्हणाले, "एक छोटा तुकडा काढून तपासायला लागेल. भूल देऊन. काशीगावच्या बाजूला हायवेवर हॉस्पिटल आहे, तिथे येत्या सोमवारी या."

आता माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम सांगतो.

सोमवारी ॲडमिट झालो. नर्स केरळची, बोलणं हिंदीत. तिने डाव्या हाताला सलाइनची सुई लावली आणि उजव्या मनगटावर प्लॅस्टिकचा पट्टा गुंडाळायला घेतला. पट्ट्यावर माझं नाव, एक लांबलचक नंबर आणि काळ्या उभ्या रेघा.

माझ्या गटातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की श्वापदाचा शिक्का उजव्या हातावर किंवा कपाळावर मारतात. मी हात मागे घेतला.

"ये नहीं लगाएगा मैं."

"अंकल, सबको लगता है."

"वही तो," मी म्हणालो. सबको. फ्लेक्सवर नेमका हाच शब्द होता.

"इसके बिना ओटी में नहीं लेते, अंकल."

झालं. माझ्या तोंडावर त्या क्षणी काय तेज आलं असेल. शिक्क्याशिवाय कुणाला काही घेता येणार नाही, देता येणार नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, आणि आज ते हायवेवरच्या हॉस्पिटलात माझ्यासमोर पूर्ण होत होतं. मी सुई काढायला लावली, शर्ट चढवला आणि बाहेर पडलो. मार्था रिक्षात बसली ती काशीमीरा सिग्नलपासून घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही. तेवीस वर्षांच्या संसारात तिचं गप्प बसणं मला दोनदाच ऐकू आलं होतं. हे तिसरं.

रविवारी ही गोष्ट मी गटाला सांगितली. कुजबुजत सांगितली, कारण तेवढंच उरलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फिलिप ब्रदर, म्हणजे गटातला माझा उजवा हात, म्हणाला, "ब्रदर, तुम्ही कसोटीत टिकलात." आणि मी, एक साठीला टेकलेला मूर्ख, घशात वाढणारी गाठ घेऊन मान खाली घालून नम्रपणे हसलो.

असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी मार्थाने बेडरूमकडे बोट दाखवलं. पलंगाखाली, कर्णा उशिरा वाजला तर असावं म्हणून, सात वर्षांच्या संकटकाळासाठी मी साठवलेलं तांदळाचं पिंप होतं, शिवाय मीठ, मेणबत्त्या आणि काड्यापेट्या.

"सात वर्षांचा तांदूळ भरलाय," ती म्हणाली. "तो गिळायला गळा लागतो. चला."

मी गेलो. पट्टा बांधून घेतला. उजव्याच हातावर. नर्स तीच होती. तिने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पट्टा एक घर जास्तच आवळला.

*

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी आधी मार्थाकडे बघितलं. तेव्हाच कळतं. तुम्हालाही कळेल.

"स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. लवकरचा आहे," ते म्हणाले. "लगेच किरणोपचार सुरू केले तर गाठ जाईल आणि आवाजही बहुतेक वाचेल. पण अजून वाढू दिलीत तर स्वरयंत्रच काढावं लागेल. मधले तीन आठवडे कुठे होतात?"

"ह्यांना शिक्का नको होता," मार्था म्हणाली.

डॉक्टरांनी समजल्यासारखी मान हलवली. त्यांना काहीही समजलं नव्हतं, पण रोज पेशंट बघणाऱ्या माणसाला तशी मान हलवता येते.

भीतीचं खरं ते सांगतो. जगाच्या अंताची मला कधीच भीती वाटली नव्हती. त्यात सगळे मरतात आणि मी ढगात असतो. हा अंत फक्त माझा होता. बाहेर हायवेवर गाड्या चालल्या होत्या, एक माणूस शहाळी सोलत होता, कुठेही कर्णा नाही, काही नाही. मला त्या शहाळेवाल्याचा राग आला. माझा न्याय चाललाय आणि हा मलई आहे की नाही ते बघतोय.

आणि आवाज. आवाज गेला तर मी कोण? बत्तीस वर्षं पार्सलं मोजली, ती कुणाला आठवत नाहीत. माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच एक होतं.

*

किरणोपचाराआधी तोंडाचा मुखवटा करतात. प्लॅस्टिकची भोकाभोकांची पांढरी जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि ओली-गरम तशीच कपाळापासून खांद्यापर्यंत दाबून बसवतात. ती तुमच्या नाकाडोळ्याच्या आकाराची होऊन कडक होते. मग रोज तो मुखवटा चढवायचा आणि खालच्या टेबलाला खटक्यांनी अडकवायचा, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. मिशी काढावी लागली. मार्थाने मला तसं पहिल्यांदाच बघितलं आणि एवढंच म्हणाली, "सासूबाई दिसता."

हे सगळं करणारी टेक्निशियन जागृती, भाईंदर पूर्वेच्या खारी गावातली. पंचविशीची असेल. हात चालतात तसंच तोंड. मुखवटा थंड झाल्यावर तिने त्याच्या कपाळावर पांढरी पट्टी चिकटवली आणि मार्करने माझं नाव लिहिलं. त्याखाली नंबर लिहायला लागली.

उजवा हात झाला होता. आता कपाळ.

"नंबर राहू दे ना," मी घशातल्या घशात म्हणालो. "नाव पुरे."

"कला?" म्हणजे कशाला, तिच्या बोलीत.

मी तिला सांगितलं. शिक्का, श्वापद, सगळं, त्या फुटक्या आवाजात. ती मार्करचं टोपण दातात धरून ऐकत राहिली.

"काका," ती म्हणाली, "नंबर न्हाय लिवला आनि उद्या दुसऱ्या कोनाचा मुखवटा तुमच्या तोंडावर बसवला, तं मशीन त्याच्या गाठीवर मारंल का तुमच्या? नंबर हाय म्हनून तुमी तुमीच हाव. शेजारी मुखवट्यांचं कपाट बघा. पन्नास तोंडा लटकलेली हायेत. देवाला वलखता येतील, मला न्हाय."

शास्त्रावर माझ्याशी वाद घालायला मोठमोठी माणसं येऊन गेली होती, त्यांना मी दांड्याने फ्लेक्सवर फिरवून आणलं होतं. ही मुलगी दोन मिनिटांत बोलून पुढच्या पेशंटच्या नावाने हाक मारायला गेली. आणि मग आठवलं, की कपाळावर शिक्का दुसऱ्याही लोकांच्या असतो. वारे सुटायच्या आधी, पृथ्वीला धक्का लागायच्या आधी, देव आपल्या लोकांच्या कपाळावर खूण करून घेतो, कुणी हरवू नये म्हणून. तो भाग माझ्या फ्लेक्सवर होता. कोपऱ्यात, लहान अक्षरांत. श्वापदाला जागा जास्त लागली होती.

*

तेहेतीस बैठका. आठवड्याला पाच. पूर्वीचा मी असतो तर तेहेतीस, म्हणजे येशूचं वय, या आकड्यावर एक तास बोललो असतो.

रोज शिगवणच घेऊन जायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही खाली उतरलो तर तो रिक्षाची काच पुसत उभा. "बसा. हायवेला जातोच आहे," म्हणाला. तो रोज हायवेला का जातोय हे मी विचारलं नाही, आणि त्यानेही काही गोष्ट रचली नाही. त्याला संत करायचं माझ्या मनात नाही. रिक्षात तो आरत्या इतक्या मोठ्याने लावायचा की मला माझं दुखणं ऐकू यायचं नाही, आणि शिमग्याला पाच दिवस आम्हाला वाऱ्यावर सोडून पालखी नाचवायला गावी निघून गेला. परत आला तो आमसुलं घेऊन. आमसुलं. माझ्या घशात तेव्हा पाणीसुद्धा निखाऱ्यासारखं उतरत होतं.

हो, ते दिवस येतात. तिसऱ्या आठवड्यापासून गळ्याची कातडी काळी पडते, थुंकी गोंदासारखी होते, चव जाते. रडू नका, सगळं परत येतं, जरा उशिरा. भेटायला येणाऱ्यांना मात्र आवरा. एकाने पपईच्या पानांचा रस आणला. एकीने सांगितलं, गाठीला नावाने हाक मारून निघून जायची आज्ञा करा. आज्ञा करायला आवाज लागतो, बाई.

आणि फिलिप ब्रदर आला. खुर्ची ओढून बसला, माझा हात हातात घेतला आणि मार्थाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "ब्रदर, देव उगीच असा हात उगारत नाही. कुठेतरी दार उघडं राहिलंय तुमचं. शोधा."

मला चीड आली, पण त्याच्यावर नाही. वाक्य ओळखीचं होतं. गेल्या वर्षी गटातल्या एका विधवा बाईला, तिचा मुलगा अपघातात सापडला तेव्हा, मी हेच म्हणालो होतो. तिचा हात असाच धरून.

मार्था दारात उभी होती. "हे दार उघडंच आहे, ब्रदर," ती म्हणाली. "जाताना लावून घ्या."

तो उठला. दारापाशी घुटमळून म्हणाला, "सिस्टर, तो फ्लेक्स... आता गट माझ्याकडे भरतो, रविवारी शिकवायला लागेल. परत पहिल्यापासून घेतलंय, सहाव्या कर्ण्यापर्यंत आलोय." तो त्यासाठीच आला होता. मार्थाने फ्लेक्स गुंडाळून दिला. अग्नीचं तळं त्याच्या काखेतून बाहेर डोकावत लिफ्टमध्ये गेलं.

त्याच आठवड्यात मला फक्त पेज जायला लागली. मार्था म्हणाली, पिंप उघडूया, आलंच आहे संकट. उघडलं तर तांदळात टोके. वरपासून तळापर्यंत हलणारा तांदूळ. सात वर्षं देवाने मला राखावं म्हणून मी केलेली तजवीज सोंडा हलवत पिंपाच्या काठावर चढत होती.

"रानात इस्राएल लोकांसाठी आकाशातून अन्न पडायचं," मार्था पसरायला वर्तमानपत्र शोधत म्हणाली, "ते साठवून ठेवलं की त्यात किडे पडायचे. तुम्हीच शिकवलंत."

मी शिकवलं होतं. चांगलं शिकवलं होतं. तांदूळ घेताना आठवलं नाही.

ती आणि शिगवणची बायको गॅलरीत बसून दोन दुपारी ते तांदूळ पाखडत होत्या. माझ्यावर हसत होत्या, हे मला आत ऐकू येत होतं. त्या तांदळाची पेज मी महिनाभर प्यायलो. संकटकाळ आला, साठवलेलं धान्य उपयोगी पडलं, भविष्य अक्षरशः खरं झालं. फक्त टोके निवडायला जी बाई लागली, तिला मी तळ्यात धरलं होतं.

*

एक गोष्ट कुणाची थट्टा न करता सांगतो. जमेल तेवढी.

त्या खोलीत तुम्ही एकटे असता. जागृती खटके अडकवायची आणि जाताना रोज तेच सांगायची, "हलू नका, काका. मी बाहेर हाय. मला सगला दिसतंय." मग जाड दार बंद व्हायचं आणि मशीन घुमायला लागायचं. पहिले दिवस मी घाबरून मनात किंचाळायचो. प्रार्थना येत नव्हती. इतकी वर्षं मी मोठ्याने प्रार्थना केली होती, की न बोलता ती कशी करतात हेच माहीत नव्हतं. विसाव्या-एकविसाव्या बैठकीला मी फक्त म्हणालो, तू बाहेर आहेस ना. तेवढंच.

मी लोकांना शिकवलं होतं की आपण राखलेले, म्हणजे आपल्याला आग लागणारच नाही. त्याआधीच उचलले जाऊ. आणि इथे आग रोज लागत होती, बरोबर माझ्या गळ्यावर. मला राखत होता तो मुखवटा, जो मला तिथून हलू देत नव्हता. हललो असतो तर भलतंच जळलं असतं. नोहाच्या तारवाबद्दल मी पन्नासदा बोललो असेन. त्या माणसांना देवाने पुरातूनच नेलं, पुराशिवाय नाही, आणि बाहेरून दार लावून नेलं, हे इतकं साधं. आत वासही येत असणार. मी तो कधी फ्लेक्सवर दाखवला नाही.

न्यायाच्या दिवसांत देव आपल्या लोकांना विसरत नाही, हे मी आता फ्लेक्सशिवाय सांगू शकतो. कोण त्याचे लोक, ती यादी मात्र माझ्याकडे मागू नका. माझ्याकडे होती ती चुकीची निघाली.

*

शेवटच्या बैठकीला जागृतीने विचारलं, "मुखवटा नेताव का? काही लोक नेतात. न्हाय तं टाकून देतो."

"न्या," मार्था मला म्हणाली. "मिशी परत आली की ओळख पटवायला लागेल."

तो आता घरी आहे, फ्लेक्सच्या मोकळ्या खिळ्यावर. कपाळावर नाव, नावाखाली नंबर. पट्टी काढली नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी परत नळी घातली. "ई म्हणा," ते म्हणाले. मी म्हणालो. गंजलेल्या बिजागरीसारखा, पण आवाज होता. गाठ नव्हती. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखा नाही व्हायचा, पण आहे. मार्था भिंतीकडे तोंड करून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. बराच वेळ शोधत होती.

गटात एकदा गेलो. फिलिप ब्रदरला साक्ष हवी होती. मी त्या विधवा बाईची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि खाली बसलो. एवढ्यालाच आवाज संपला. टाळ्या झाल्या नाहीत. बाईने पाण्याचा ग्लास आणून दिला.

आणि परवा लिफ्टमध्ये शिगवण भेटला. हातात दुधाची पिशवी.

"शिगवण," मी म्हणालो, "मागे एकदा मी तुम्हाला इथेच काहीतरी बोललो होतो."

"इथे तुम्ही लय वेळा बोललाय, भाऊ. कुठलं?"

"आम्ही वर जाऊ, तुम्ही मागे राहाल म्हणून."

"मग राहिलोच की," तो म्हणाला आणि आमच्या मजल्याचं बटण दाबलं. जरा वेळाने त्याने खिशात हात घातला. "चावी परत हवीये का?"

मला जे म्हणायचं होतं ते लांब होतं, आणि डॉक्टरांनी थोडं बोलायला सांगितलंय.

"राहू द्या," मी म्हणालो.